जॅक, स्टेपनी आणि शेठ वालचंद

अंबरनाथच्या शिवमंदिराकडे येणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी एखादी मोटार बंद पडली, की पुढचं दृश्य आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. मागे रिक्षांचे हॉर्न सुरू होतात, बेलफुलं विकणाऱ्या बायका माना वळवून बघतात, दोन-चार तरुण मदतीला धावतात. पहिली चौकशी होते ती स्टेपनीची. दुसरी जॅकची. आणि इथेच पंचाईत होते. गाडी घेऊन तीन-तीन वर्षं झालेली असतात, पण कंपनीने जॅक नेमका कुठे ठेवला आहे हे मालकाला ठाऊक नसतं. मग तो खिशातून फोन काढतो, मदतकेंद्राला लावतो आणि टोचनची गाडी येईपर्यंत कुटुंबासह सावली शोधत उभा राहतो.

यात हसण्यासारखं काही नाही. टोचनची सोय असणं चांगलंच. पण त्या गर्दीकडे बघताना एक साधा प्रश्न मनात येतोच. आपली गाडी रस्त्यात थांबली, तर तिला पुन्हा चालती करण्याची काही तजवीज आपल्याजवळ आहे, की दुसऱ्याने येऊन ओढून नेईपर्यंत थांबायचं? हाच प्रश्न साऱ्या देशाच्या बाबतीत विचारणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला, आणि त्याच्या एका कारखान्याची खूण या मंदिरापासून फार दूर नाही. इथून काटई नाक्याच्या दिशेने जाऊन कल्याण-शीळ रस्त्याला लागलं, की प्रीमियर कॉलनी हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा डोंबिवलीचा कारखाना तो. १९९० च्या दशकात तिथे प्यूजो मोटारी तयार झाल्या आणि काही वर्षांतच त्या बंदही झाल्या. या कंपनीचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद. मात्र हा कारखाना उभा राहिला तेव्हा ते हयात नव्हते.

वालचंदांकडे मी वळलो तो कादंबरीकार म्हणून नव्हे, तर बँकेतला माणूस म्हणून. १९८० च्या दशकात टॅक्सीवाल्यांच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावर येत. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने गाडी बंद पडणं म्हणजे नुसती गैरसोय नसते. दोन दिवस गाडी उभी राहिली की त्या महिन्याचा हप्ता डळमळतो, चार दिवस उभी राहिली की मुलांची फी. म्हणून कर्ज देताना मी माणूस बघायचो, तशी गाडीही बघायचो. त्या काळात मुंबईची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, जिला लोक अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. तिचा एक मोठा गुण कर्जाच्या कागदावर कुठेच लिहिलेला नसे. ती कुठेही दुरुस्त होत असे. फॅन बेल्ट, पॉइंट, प्लग, क्लचची वायर, सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे आणि ते बसवणारा मिस्त्री त्याच दुकानाशेजारी असे. हप्ते वसूल होत, ते काही अंशी त्या मिस्त्रीमुळे. हे कसं घडलं याचा माग काढत गेलं, की वालचंदांच्या आयुष्यापाशी पोहोचावं लागतं.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं गुजरातचं, जैन दोशी. कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी हा घरचा धंदा. वडील हिराचंद नेमचंद. आई वालचंदांच्या जन्मानंतर लवकरच वारली. शालेय शिक्षण सोलापूरला झालं, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण पदवीपर्यंत ते रमले नाहीत आणि पेढीवरही रमले नाहीत. व्याज मोजत बसण्यापेक्षा काहीतरी उभं करून दाखवावं, ही ओढ त्यांना तरुणपणीच लागली होती.

सोबतीला त्यांना माणूस मिळाला तो लक्ष्मणराव बळवंत फाटक, रेल्वेतल्या कारकुनीचा अनुभव असलेला. एकाकडे पैसा आणि धाडस, दुसऱ्याकडे कामाची माहिती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून फाटक-वालचंद जोडीने कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पुढे कंत्राटं वाढली, कंपन्या बदलल्या, आणि १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम हे तिचं सुरुवातीचं मोठं काम. ज्या खंडाळ्याच्या चढावर पुढे दोन पिढ्या मराठी कुटुंबांनी बॉनेट उघडून रेडिएटर थंड होण्याची वाट बघितली, त्याच डोंगराच्या पोटात वालचंदांची माणसं आधी सुरुंग लावून गेली होती.

पहिलं महायुद्ध संपलं आणि वालचंदांच्या आयुष्याला समुद्राची वाट मिळाली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात इस्पितळ-जहाज म्हणून चालवलेली लॉयल्टी ही जुनी आगबोट विक्रीला निघाली होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघाली. त्या सफरीवर वालचंद स्वतः होते. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो याचमुळे.

दिन पाळताना आपण लॉयल्टीचं पुढचं आयुष्य मात्र सांगत नाही. ती १८९१ सालची बोट होती. तिला चालती ठेवण्याचा खर्च मिळकतीला परवडेना आणि १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाची कोंडी केली, आणि त्याच वर्षी सिंदियाला मर्यादा घालून घेणारा करार पत्करावा लागला. बँकेच्या भाषेत बोलायचं तर ते खातं संशयास्पद कर्जात टाकण्याजोगं होतं. वालचंद मागे हटले नाहीत. नरोत्तमशेठांच्या निधनानंतर १९२९ मध्ये त्यांच्याकडेच कंपनीचं अध्यक्षपद आलं. या साऱ्या वर्षांतून त्यांनी एक धडा घेतलेला दिसतो. नुसती बोट विकत घेऊन भागत नाही. ती बांधण्याची आणि दुरुस्त करण्याची जागा आपली नसेल, तर मालकी कागदावरच राहते.

त्या धड्यातूनच विशाखापट्टणमची गोदी उभी राहिली. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची कोनशिला बसली. दहा महिन्यांच्या आत, ६ एप्रिल १९४२ ला, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. काम रखडलं, पण सुटलं नाही. १४ मार्च १९४८ रोजी जलउषा ही तिथे बांधलेली आगबोट पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

मोटारीची गोष्टही अशीच अडथळ्यांची आहे. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी होत्या, पण त्या बाहेरून सुटे भाग आणून इथे जोडलेल्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून हेच काम करी. जोडणी इथली, पण धातूचा प्रत्येक महत्त्वाचा तुकडा परदेशातून आलेला. अशा गाडीचं काही मोडलं की आगबोटीची वाट बघायची. १९३० च्या दशकात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी मोटारीच्या संपूर्ण कारखान्याची योजना मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण युद्ध सुरू झालं होतं, आणि हा कारखाना युद्धाच्या दृष्टीने आवश्यक नाही असं ठरवून हिंदुस्थान सरकारने हात आखडता घेतला. सैन्याला ट्रक हवेच होते, फक्त ते हिंदी कारखान्यातून यावेत अशी इच्छा नव्हती.

त्याच अमेरिकेच्या दौऱ्यातून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानांच्या धंद्यातल्या अमेरिकन माणसाशी पडली. एखाद्याने गप्पा मारून प्रवास संपवला असता. वालचंदांनी त्या ओळखीतून विमानाचा कारखाना काढला. म्हैसूर संस्थानच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आज आपण जिला एचएएल म्हणून ओळखतो, तिची सुरुवात ही.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, फार्गो ही नावं वडीलधाऱ्या वाचकांना आठवतील. सुरुवातीला यातही आयात भागांची जोडणीच मोठी होती. पण वालचंदांचा हेतू तिथे थांबण्याचा नव्हता. भाग हळूहळू इथे बनवत जायचं, हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं.

हा हेतू का महत्त्वाचा, हे समजायला मोटारीच्या अगदी पहिल्या लांब प्रवासाकडे जावं लागेल. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई, नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला गार्टरचं आवरण केलं. इंधन विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. साखळीला लोहार लागला, आणि ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना कातडं ठोकून द्यायला चांभार. चढावर मुलांनी गाडी ढकलली. जगातली ही पहिली रस्त्यावरची मदत. ती मिळाली, कारण त्या मोटारीला लागणारी प्रत्येक गोष्ट त्या गावांतला कोणीतरी करू शकत होता. मोटार परकी नव्हती. ती लोहाराला कळणारी होती.

वालचंदांना आपल्याकडे नेमकं हेच हवं होतं, मोटार आपल्या लोहाराला कळावी हे. पण दिवस फार उरले नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. १९५२ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. शेवटच्या आजारात पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सोबत होत्या. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने, नुसती जोडणी करणाऱ्या आणि भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जागा ठेवू नये, अशी शिफारस केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथला गाशा गुंडाळला. वालचंद ज्यासाठी भांडले ते धोरण झालं, पण ते पाहायला ते राहिले नाहीत.

पुढची कथा आपल्या घरांतली आहे. फियाटशी सहकार्य झालं, १९६४ मध्ये ११०० मालिकेतली ती ओळखीची गाडी आली, १९७२ मध्ये प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी असं तिचं बारसं झालं. भाग इथे बनू लागले तशी दुरुस्तीही इथली झाली. कोकणात निघालेल्या प्रत्येक फियाटच्या डिकीत जॅक, टॉमी, स्टेपनी, जास्तीचा फॅन बेल्ट, पाण्याचा कॅन आणि सुंभाचा दोर असे. दोर टोचनसाठी. कोणाचीही गाडी थांबली तरी मागून येणारा थांबे, दोर बांधे आणि पुढच्या गावच्या गॅरेजपर्यंत ओढत नेई. चाक बदलणं घरातल्या मुलग्यांना येई, आणि काही घरांत मुलींनाही.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. स्पर्धा नाही, म्हणून तीच गाडी पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तशीच निघत राहिली. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलं. आपण दुरुस्त करायला शिकलो खरे, पण मुळात वारंवार दुरुस्त करावी लागू नये अशी गाडी बनवायला फार उशिरा शिकलो. वालचंदांना मात्र या दोषाचे धनी करता येणार नाही. त्यांनी दरवाजा बंद करा असं म्हटलं नव्हतं. फाटकांची माहिती, क्रायस्लरचं तंत्र, पॉलीची ओळख, जिथून मिळेल तिथून त्यांनी मदत घेतली. अट एकच, की त्या मदतीतून आपल्याला स्वतः काही करता आलं पाहिजे. मदत घेणं आणि आयुष्यभर ओढून नेलं जाणं यातला फरक त्यांना कळत होता.

काळी-पिवळी पद्मिनी आता गेली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. नव्या गाड्या क्वचित बंद पडतात, आणि पडल्या तर बॉनेट उघडून आपल्याला फारसं काही करता येत नाही, हेही खरं. म्हणून आजच्या तजविजीत जॅक आणि टोचनचा विमा, दोन्ही लागतात.

विम्याविषयी माझ्यातला जुना बँकवाला थोडं सांगेल. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर टोचनचा खर्च मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत तो असतो, पण अपघातानंतर जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा, आणि त्याला मर्यादा असते. खाजगी मोटारीच्या रूढ पॉलिसीत ती १५०० रुपये आहे. नुसती गाडी बंद पडली, बॅटरी उतरली, चाक पंक्चर झालं, तर त्यासाठी रस्त्यावरच्या मदतीचं वेगळं कलम जास्तीचा हप्ता भरून घ्यावं लागतं. त्यातही किती किलोमीटरपर्यंत नेणार आणि वर्षातून किती वेळा, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते घरी चष्मा लावून वाचावं, रात्री घाटात नव्हे. ऑटोमॅटिक आणि विजेच्या गाड्या दोराने ओढू नयेत. त्या सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्याव्या लागतात, तेव्हा तशी गाडी मिळणार का हेही विचारून ठेवावं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, तो फोनमध्ये असू द्यावा.

आणि जॅक. तो कुठे आहे हे बघावं, आणि एकदा घराच्या अंगणात चाक काढून बसवावं. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, हवा भरायचा पंप आणि डिंकाची बाटली असते. आपल्या गाडीत काय आहे ते आधी कळलेलं बरं. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड हवा. नट आधी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे आणि मग गाडी उचलायची. जॅक पत्र्याला नव्हे, पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावायचा. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. नट समोरासमोरचे आवळत जायचे आणि गाडी खाली आल्यावर पुन्हा एकदा पक्के करायचे. स्टेपनीत हवा आहे की नाही, हे महिन्यातून एकदा बघायचं. द्रुतगती मार्गावर मात्र यातलं काही करायच्या भानगडीत पडू नये. दिवे लुकलुकते ठेवावेत, मुलाबाळांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करावं आणि मदतच बोलवावी. तिथे टोचनची वाट बघण्यातच शहाणपण आहे.

वालचंदांचं मोठं चरित्र गं. दे. खानोलकरांनी मराठीत लिहून ठेवलं आहे. सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने चालतं, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, रावळगावच्या गोळ्या तर आपण सगळ्यांनीच चघळल्या. नासिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या माळरानावर त्यांनी १९२३ पासून शेती उभी केली, तीही लोकांनी वेडेपणा म्हणावा अशा जमिनीवर. त्यांच्या कंपन्यांपैकी काही सरकारने घेतल्या, काही बुडाल्या, काही आजही चालू आहेत. पण कुठेही अडलो तर निदान एक चाक आपलं आपण बदलू शकू एवढी तयारी असावी, हा त्यांचा आग्रह प्रत्येकीमागे होता. आज रविवार आहे. चहा झाला की मुलांना बरोबर घेऊन डिकी उघडा, खालचं कार्पेट उचला आणि त्यांना जॅक दाखवा. पहिलं हँडल त्यांनाच फिरवू द्या.